चौथा दत्तोबा

लोणावळ्याच्या भांगरवाडीत छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाशेजारून एक लाकडी जिना वर जातो. त्याच्या सातव्या पायरीवर पाय जपून टाकावा लागतो. जिना संपला की साप्ताहिक 'डोंगरहाक'ची कचेरी, आणि आत शिरताच डाव्या हाताला जे टेबल आहे ते नीरजाताई लिमयांचं. छोट्या जाहिराती आणि जाहीर नोटिसा त्या टेबलावर घेतल्या जात. म्हैस हरवली, शाळेचा दाखला हरवला, नाव बदललं, पिठाची गिरणी सुरू झाली, वडील वारले, मुलगा हाताबाहेर गेला. मावळात माणसाच्या बाबतीत जे काही व्हायचं ते आधी त्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसायचं आणि शुक्रवारी चार पानांची घडी होऊन गावोगाव जायचं.

ताईंनी तिथं एक्केचाळीस वर्षं काढली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी दर गुरुवारी त्या येतातच. अंक गुरुवारी छपाईला जातो, आणि तो आपल्यामागे गेला ही कल्पना त्यांना घरी बसून सहन होत नाही. यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगा पुण्याला, गुडघे कुरकुरणारे. बाई दिसायला इतकी सालस की अनोळखी माणूस घराची किल्लीसुद्धा ठेवायला देईल. पण एका बाबतीत ही बाई अट्टल लबाड होती.

ती लबाडी कशी चालायची हे आंबीच्या सखारामभाऊंना विचारावं. साल चौऱ्याण्णवचं. भर पावसात भिजलेली छत्री टेबलाला टेकवून सखारामभाऊ कडाडले, "छापा. माझा पोरगा संदेश आन माझा संबंध तुटला. आजपासनं त्यो कोन आन मी कोन!"

"छापू की," ताई म्हणाल्या आणि त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. "आधी हे ओळखपत्रक भरायचं. नमुना अ."

"ह्ये काय नवीन?"

"नियम आहे."

"कुनाचा?"

"वरून आलाय."

वर पत्रा होता आणि पत्र्यावर छत्रीवाल्याची मांजर. पण सखारामभाऊंनी वर बघून मान डोलावली. सरकारी काहीतरी असणार, असं त्यांना वाटलं. ताईंनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, कारण तो कागद माळ्यावरूनच काढलेला होता. प्रश्न मात्र सगळे त्यांच्याच डोक्यातून आलेले. मुलाच्या अंगावरच्या खुणा. चालण्याची लकब. आवडता पदार्थ. रागावल्यावर कुठं जाऊन बसतो. शेवटचा आजारी कधी होता आणि तेव्हा जवळ कोण होतं.

"म्हस हाय का पोरगं?" सखारामभाऊ वैतागले.

"म्हशीची नोटीस देताना तुम्ही कानाला पडलेली चीरसुद्धा सांगता, भाऊ. उद्या या नावाचा दुसरा मुलगा निघाला तर? त्याच्या बापानं काय करायचं?"

सखारामभाऊ सांगू लागले. "कपाळावर खोक हाय. चार वर्साचा व्हता, बैलगाडीच्या जुवावर आपटला. मीच उचलून तळेगावपत्तर पळत नेलता. रगत थांबंना..." आणि ते थांबले. ताईंनी पेन तसंच धरून ठेवलं. घाई करायची नाही हा त्यांचा आणखी एक नियम, तो मात्र कागदावर नव्हता.

"आवडता पदार्थ?"

"काळ्या घेवड्याची आमटी," सखारामभाऊ खिडकीकडं बघत म्हणाले. "त्याची आई गेल्यापासनं घरात कुनी केली न्हाई."

"बरं. आता ही नोटीस आठ दिवस थांबेल. रागाची नोटीस लगेच छापत नाहीत. पुढच्या गुरुवारी या, स्वतः मोठ्यानं वाचा, सही करा, की छापू."

"ह्येबी वरूनच आलंय का?"

"हो, एकाच पाकिटात आलं."

पुढच्या गुरुवारी सखारामभाऊ आले नाहीत. शुक्रवारी मात्र कपाळावर खोक असलेला एक तरणा मुलगा जिना चढून आला. म्हणाला, "आबांची छत्री ऱ्हायली व्हती हितं." ताईंनी छत्री दिली. नोटीस घडी करून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली आणि वर तारीख घातली.

त्या डब्यात शेवटी अशा एकशे एकोणीस नोटिसा जमल्या. माहेरी निघून गेलेल्या बायका, बांधावरून भांडलेले भाऊ, पळून जाऊन लग्न केलेल्या मुली. यांच्याशिवाय आठ दिवसांनी परत येऊन हट्टानं सही करून छापून घेणारे सात निघाले, त्यांच्या छापल्या. बाकीचे एकतर राग विसरले, नाहीतर त्यांना तो जिना पुन्हा चढायचा कंटाळा आला. ताईंना दोन्ही चालत होतं.

आता इतकी लबाडी काही आईच्या पोटातून घेऊन कुणी येत नाही. नीरजाताई कचेरीत लागल्या तेव्हा त्या बावीस वर्षांच्या, नुकत्याच बी.ए. झालेल्या आणि अत्यंत सरळ होत्या. कुणी कागद दिला की शुद्धलेखन सुधारायचं आणि कंपोझिंगला द्यायचा, एवढंच त्यांना माहीत. संपादक चिंतामणीअण्णांना असा माणूस फार सोयीचा वाटायचा.

नोकरीला चार महिने झाले आणि एप्रिल ब्याऐंशीमध्ये पोस्टानं एक पाकीट आलं. आत नोटीस:

'तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझा मुलगा दत्तोबा महिपती ठोंबरे, रा. आंदर मावळ, हा माझ्या ऐकण्यात नसून त्यास दारू, जुगार व तमाशा या तिन्हींचा नाद आहे. त्याच्याशी कोणीही कसलाही व्यवहार, विशेषतः सोयरीक, करू नये. केल्यास मी जबाबदार नाही. महिपती ठोंबरे, निशाणी अंगठा.'

खाली अंगठ्याचा ठसा. तो बघून कंपोझिटर हौशीराम हातातले छपाईचे खिळे ठेवून म्हणाला, "ताई, ह्यो अंगठा हाय का भाकरी?"

"घाटातला कष्टाळू माणूस आहे," अण्णा चष्म्यातून बघून म्हणाले, "अंगठा मोठाच असायचा." आणि तेवीस एप्रिलच्या अंकात नोटीस छापून आली. तिच्या बरोबर शेजारी दुसरी जाहिरात होती. 'हरवली आहे: काळी म्हैस, शिंगे मागे वळलेली, डावा कान चिरलेला, शेपटीचा गोंडा पांढरा, नाव चंद्रा, हाक मारल्यास येत नाही.'

सोमवारी जिना दणाणला. महिपतीबाबा ठोंबरे स्वतः आले होते, हातात अंकाची सुरळी. "ह्यो मीच महिपती! मी कवा दिली नोटीस? माझ्या पोराला सुपारीचंसुद्धा येसन न्हाई! सोमाटन्याची सोयरीक मोडली! टिळा झाला व्हता, पत्रिका छापल्या व्हत्या!" ते इतके थरथरत होते की नीरजानं उठून त्यांना पाणी दिलं. मागं भिंतीला चिकटून तो मुलगा उभा होता. पंचवीसेक वर्षांचा, धट्टाकट्टा, आणि मान इतकी खाली घातलेली की हनुवटी छातीला टेकलेली. त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय, हे नीरजाला दिसलं.

अण्णांनी चौकशी केली. आंदर मावळात दत्तोबा महिपती ठोंबरे या नावाचे तिघे सापडले. आख्ख्या वाड्या एकाच आडनावाच्या, आणि नातवाला आजोबाचंच नाव ठेवायची रीत, त्यामुळं तीन म्हणजे कमीच. पहिला पहिलीत शिकत होता. दुसरा ऐंशीच्या घरातला, त्याचे वडील महिपती जाऊन तीस वर्षं झालेली. तिसरा भिंतीला चिकटून उभा होता. अण्णांनी विचार करून निकाल दिला की चौथा एखादा असणार, खरा दारूबाज, आणि त्याच्या खऱ्या बापानं ही नोटीस पाठवली असणार. पुढच्या अंकात खुलासा छापला. पण सोमाटण्याच्या मंडळींनी खुलासा वाचून सांगितलं की धूर आला म्हणजे कुठंतरी जाळ असेल, आमची मुलगी आम्ही दुसरीकडं बघतो.

अण्णांनी तो पाकिटातला कागद पुरावा म्हणून फायलीत ठेवला आणि विषय संपवला. नीरजाचा संपला नाही. म्हशीची ओळख पटावी म्हणून शिंगं, कान, गोंडा, सगळं लिहून घेतलं, आणि माणसाच्या पोराचं नुसतं नाव? हा प्रश्न तिनं स्वतःला इतक्या वेळा विचारला की त्यातूनच ते ओळखपत्रक आणि आठ दिवसांचा नियम निघाला.

आणि तिनं चौथ्या दत्तोबाचा शोध सुरू केला. आंदर मावळातून कुणीही बाकावर येऊन बसलं की ती सहज विचारल्यासारखं विचारी, "तुमच्याकडं दत्तोबा ठोंबरे कोण हो? दारू वगैरे पिणारा?" लोक म्हणत, दारू पिणारे ढीगभर आहेत, दत्तोबाही आहेत, पण दोन्ही एका ठिकाणी नाहीत. तिसऱ्याचं काय झालं हे विचारायला मात्र तिची जीभ रेटत नसे. एकदा धीर करून विचारलं तर एक दूधवाला म्हणाला, "त्यो व्हय? त्याला पुढं कुनी पोरगी देईना. गाव सोडून गेला म्हनत्यात." त्या दिवशी ताईंनी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला. पुढं त्यांनी कधी विचारलं नाही. एका माणसाचं आयुष्य आपण बाविसाव्या वर्षी मोडलं, आणि ते मोडलेलं कुठं पडलंय तेही आपल्याला माहीत नाही, हे ओझं त्यांनी मुकाट्यानं वाहिलं. यजमानांनासुद्धा हे लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं.

आता 'डोंगरहाक' अण्णांची नात कौमुदी चालवते. कागदावर थोडा निघतो, मोबाइलवर जास्त. या पोरीला जुन्या फायली चाळायचा नाद. तिनं 'आजोबांच्या काळातल्या नोटिसा' असं नाव देऊन दर रविवारी एकेक जुनी जाहिरात मोबाइलवर टाकायला सुरुवात केली. चंद्रा म्हैस फार गाजली. त्या जोरावर कौमुदीनं पुढच्या रविवारी शेजारची नोटीस टाकली, आणि सोबत फायलीतल्या मूळ कागदाचा, अंगठ्यासकट, मोठा फोटो. खाली लिहिलं, 'हा दत्तोबा कुठं असेल बरं?'

दुपारपर्यंत तो फोटो मावळातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून ताईंच्याच मोबाइलवर चार ठिकाणांहून परत आला. ताईंनी कौमुदीला फोन लावला. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, तो चढला. "अगं, एकदा मोडलं ते पुरे नव्हतं का? काढ ते आधी!"

कौमुदीनं काढलं, पण ग्रुपवरून कोण काढणार? सोमवारी सकाळी कचेरीचा फोन वाजला, आणि कौमुदीनं घाबऱ्याघुबऱ्या ताईंना निरोप दिला. "मावशी, नोटिशीतले दत्तोबा ठोंबरे बोलत होते. गुरुवारी येतायत. म्हणाले, मालकीणबाई पण येतायत, आणि त्यांना लय राग आलाय."

म्हणजे लग्न झालं होतं. ताईंना एकदम हायसं वाटलं आणि लगेच दुसरी धास्ती लागली, की त्या बाईच्या कानावर आजवर ही बदनामी गेलीच नसेल, आणि ती आपणच आता घरात नेऊन सोडली. तीन दिवस त्यांनी माफी कशी मागायची ते घोकलं. भाजीत मीठ दोनदा पडलं. यजमान म्हणाले, "तूच म्हणतेस ना, आठ दिवस थांबावं?" ताईंनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की ते फिरायला निघून गेले.

गुरुवारी अकरा वाजता सातवी पायरी करकरली. आधी बयाबाई आल्या. साठी ओलांडलेल्या, काटक, हिरवं लुगडं, हातात मोबाइल उगारल्यासारखा धरलेला. मागून इंद्रायणी तांदळाची पिशवी छातीशी धरून दत्तोबा. अडुसष्टाचे, अजून धट्टेकट्टे. मान तश्शीच खाली.

ती मान बघितली आणि ताईंचं घोकलेलं सगळं उडून गेलं. त्या उभ्या राहिल्या. "दत्तोबाभाऊ, चूक माझी होती. मी कागद तपासला नाही, गाव विचारलं नाही. चौथ्याची नोटीस तुमच्यावर गेली. तुमचं ठरलेलं लग्न मोडलं, तुम्ही तिथं भिंतीशी रडत उभे होतात, ते मी एक दिवस विसरले नाही. त्रेचाळीस वर्षं झाली. मला माफ करा."

दत्तोबांनी पिशवी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"ताई, तुमी बसा," बयाबाई म्हणाल्या. "माफी कुनी मागायची त्ये मागनं बगू. आदी मला सांगा, ह्यो अंगठा कुनाचा?" त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून टेबलावर ठेवला.

"महिपतीबाबांचा... म्हणजे चौथ्याच्या वडिलांचा."

"नीट बगा. ह्यो हाताचा अंगठा हाय का? ह्यो पायाचा हाय. आन मधी ही आडवी चीर दिसती न्हवं? कुदळ लागल्याली हाय ती. बेचाळीस वर्सं ह्या अंगठ्याला मी कोकमाचं त्याल चोळत्येय. मी वळकनार न्हाई व्हय?" आणि नवऱ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "सांगा आता. कुटं हाय तुमचा चौथा?"

कौमुदी दारात उभी राहून ऐकत होती. ताई त्या फोटोकडं बघत राहिल्या. हौशीरामची भाकरी त्यांना आठवली.

"मीच दिल्ती," दत्तोबा पिशवीशी बोलल्यासारखे म्हणाले. "नोटीस. माझी मीच."

"काय?"

"आबांनी सोमाटन्याला ठरवलं. आबांपुढं न्हाई म्हनायची माझी टाप नव्हती. आन माझ्या मनात ही. माझी म्हस एकदा हिच्या बापाच्या भाताच्या खाचरात घुसली, तवा हिनं बांधावर उभं ऱ्हाऊन मला अशा शिव्या घातल्या, अशा घातल्या, की मी म्हनलं, करायची तर हीच. पन हिच्या बापाचं आन आबांचं त्याच बांधावरनं वाकडं. मग काय करू? सोमाटन्याचं मोडलं, म्होरं सालभर कुनी पोरगी देईना. शेवटाला आबाच टोपी काडून बांध वलांडून हिच्या बापाकडं गेलं."

"आणि पायाचा अंगठा?"

"हाताचा दिला आस्ता आन पोलिसांनी ताडून बगितला आस्ता तर? पायाचा कोन बगतंय?"

"लग्न झालं आन आमी भोसरीला कारखान्यात गेलो," बयाबाई म्हणाल्या. "तितंबी ह्यांनी तोंड उगडलं न्हाई, ताई. बेचाळीस वर्सं मी ह्यास्नी ऐकवत्येय, की पेपरात बदनाम झाल्याला मानूस मी पदरात घेतला म्हनून तुमचं घर उभं ऱ्हायलं. भांडान झालं की मी पेपर काडायची आन ह्ये गप. घरात माझा शब्द चालायचा त्यो ह्याच्यावर. आन आता कळतंय, की ह्यो मानूस समदं माहीत आसून गप बसायचा! माझा तोरा गेला की वो, ताई!"

"म्हनून तर गप बसायचो," दत्तोबा पुटपुटले. "माझ्यापायी केलं म्हनून कळलं आस्तं तर तू डोक्यावर बसली आस्तीस."

"मग न कळता मी कुटं बसले व्हते?"

कौमुदी फसकन हसली. ताई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आणि मी?" त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "मी काय केलं होतं तुमचं? तुम्ही भिंतीशी उभे होतात. तुमचे खांदे हलत होते. मी म्हटलं हा मुलगा रडतोय, माझ्यामुळं रडतोय!"

दत्तोबांची मान आणखी खाली गेली. "हसू दाबत व्हतो, ताई. आबा मला सुपारीचंबी येसन न्हाई म्हनून वरडत व्हतं, आन माझ्या खिशात तवा तंबाकूची पुडी व्हती. वर बगितलं आस्तं तर फुटलोच आस्तो."

ताईंनी टेबलावरची फूटपट्टी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हाणावं असं त्यांना मनापासून वाटलं. त्या माणसावर त्यांना भयंकर राग आला, आणि त्याच वेळी छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं होऊन त्यांना रडूही आलं. चौथा नव्हताच. मोडलेलं काही नव्हतं. समोर उभं होतं ते नुसतं उभं नव्हतं, बायकोची बोलणी खात, तांदळाची पिशवी धरून चांगलं टिकून उभं होतं. फूटपट्टी त्यांनी परत ठेवली आणि पदरानं डोळे पुसले.

"त्या सोमाटण्याच्या मुलीचं काय झालं?" त्यांनी विचारलं. हा एक कोपरा राहिला होता.

"चाकनला दिली. मास्तर नवरा. मी चवकशी केल्ती," दत्तोबा घाईनं म्हणाले. "पन तुमची चवकशी कराया पायजे व्हती, ती न्हाई केली. माझ्या ध्यानातच आलं न्हाई, की हितं टेबलामागं बसल्याल्या मानसालाबी काय लागत आसंल. त्ये माझं चुकलं, ताई." त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या डब्याकडं बोट केलं, बहुतेक विषय बदलायला. "ह्यात काय? बिस्किटं?"

"तुमच्यामुळं न छापलेल्या नोटिसा," ताई म्हणाल्या. "एकशे एकोणीस."

दत्तोबांना ते कळायला वेळ लागला. कौमुदीनं समजावून सांगितलं. सखारामभाऊंची आमटी आणि छत्री सांगितली. बयाबाईंनी झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि अलगद लावलं. "येवढी घरं," त्या म्हणाल्या आणि जरा वेळ नवऱ्यावर ओरडल्या नाहीत.

जरा वेळच. मग म्हणाल्या, "खुलासा छापा. ह्यांनी बदनामी पेपरात केली, तर खरं काय त्येबी पेपरात आलं पायजे. मी कुनी टाकल्यालं पदरात घेतलेलं न्हाई. माझ्यासाटी मानसानं सोताचं नाव बुडवलं व्हतं, हे माझ्या सुनास्नी कळू द्या."

ताईंनी खण उघडला. पिवळा पडलेला एक कागद काढला, पेनाचं टोपण काढलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "ओळखपत्रक भरावं लागेल. नमुना अ. नियम आहे."

"भरा," बयाबाई खुर्ची ओढून बसल्या.

"अंगावरच्या खुणा?"

"उजव्या पायाच्या अंगठ्याला आडवी चीर."

"आवडता पदार्थ?"

"माझ्या हातची काळ्या वाटान्याची उसळ. बाह्येरची खात्यात आन वर मला नावं ठिवत्यात."

"रागावल्यावर कुठं जाऊन बसतो?"

"खाचराच्या बांधावर. गावी परत आल्यापासनं, म्हस घुसली व्हती तितंच."

"शेवटचा आजारी कधी, आणि जवळ कोण?"

"आवंदा आखाडात. न्युमोनिया झाल्ता. जवळ कोन आसनार?" बयाबाईंचा आवाज जरा खाली आला. "अकरा दीस मी बसून व्हते. मी म्हनलं, गेलात तर बगा."

दत्तोबा खिडकीतून बाहेर बघत होते. ताईंनी लिहून घेतलं. "आता निशाणी."

दत्तोबांनी हात पुढं केला. "हात मागं," बयाबाई म्हणाल्या. "वहान काडा."

मग 'डोंगरहाक'च्या कचेरीत अडुसष्ट वर्षांच्या माणसानं टेबलाचा आधार घेऊन पाय उचलला, कौमुदीनं शाईची गादी खाली धरली आणि त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा तो अंगठा पुन्हा एकदा कागदावर उमटला. चीर होती तिथंच होती.

"मावशी," कौमुदी डोळे मिचकावत म्हणाली, "आठ दिवस थांबायचं ना?"

ताईंनी आधी बयाबाईंकडं आणि मग दत्तोबांकडं पाहिलं. "हा नियम रागाच्या नोटिशीला आहे," त्या म्हणाल्या. "ही याच अंकात जाऊ दे."

खुलाशाचा मजकूर दत्तोबांनी बाकावर बसून स्वतःच्या हातानं लिहिला. जेवायची वेळ टळली तरी लिहीत होते. संध्याकाळी प्रूफ आलं ते ताईंनी वाचायला घेतलं.

'तमाम लोकांस कळविण्यात येते की, दिनांक २३ एप्रिल १९८२ च्या अंकातील नोटीस माझी मीच दिलेली होती. मला दारू, जुगार व तमाशा यांचा नाद नव्हता, बयाबाईचा होता. तो अजून आहे. तरी तिच्याशी व्यवहार करणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर करावा. चौथा दत्तोबा कोणी नाही. कचेरीतल्या बाईंचा यात काडीचाही दोष नव्हता, हे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होते. दत्तोबा महिपती ठोंबरे, निशाणी पाय.'

शेवटून दुसरी ओळ ताईंनी तीनदा वाचली. एकही चूक सापडली नाही. त्यांनी प्रूफवर सही केली, फायलीतून ब्याऐंशी सालचा तो कागद काढला, घडी करून बिस्किटाच्या डब्यात टाकला आणि वर आजची तारीख घातली. मग तांदळाची पिशवी काखेत मारून त्या जिना उतरल्या, आणि त्या नादात सातव्या पायरीवर पाय जपून टाकायचा राहून गेला. पायरी नुसती करकरली.